पहिल्या ट्यूबचं रक्त

अकोल्यात जठारपेठेच्या अलीकडे एक पॅथॉलॉजी लॅब आहे. तिथे संध्या खंडारे रक्त घेते. लॅबचे मालक डॉक्टर राठी, दारावर पाटीही त्यांचीच. पण पायऱ्या चढून येणारा माणूस आधी विचारतो, "संध्याताई हायेत काय?" ती नसली तर काही जण उद्या येतो म्हणून परत फिरतात.

कारण साधं आहे. संध्या एकदाच टोचते.

पट्टा बांधायच्या आधी ती समोरच्याचा हात हातात घेते. कोपरापासून मनगटापर्यंत बोटांनी चाचपते. तोवर गाव विचारते, सोयाबीन कसं निघालं विचारते, नातू कोणत्या शाळेत जातो ते विचारते. माणूस उत्तर देण्यात गुंततो. तो "आता टोचा ना मॅडम" म्हणेपर्यंत ती कापसाचा बोळा दाबून "धरून ठेवा" म्हणत असते. केमो घेतलेल्यांच्या शिरा दोरीसारख्या कडक होतात, काही पार बुजून जातात. असे पेशंट राठी डॉक्टर दुसऱ्या कुणाकडे देतच नाहीत.

तिची बोलणी मात्र खावी लागतात. उपाशीपोटी यायला सांगितलं आणि कुणी चहा पिऊन आला की संपलंच. नव्याने लागलेल्या मुलींनी ट्यूबांचा क्रम चुकवला तर ती तिथल्या तिथे सुई ठेवायला लावते. ट्यूबांना क्रम असतो. कोणती आधी, कोणती नंतर, हे ठरलेलं असतं, कारण एकीतलं औषध दुसरीत गेलं तर तपासणी बिघडते. दोन मुली या क्रमापायी रडल्या होत्या. सगळ्यांत जास्त बोलणी खायचा सागर. तो खेड्यांतल्या दवाखान्यांतून सँपल गोळा करून आणायचा आणि बाहेरगावचे डबे कुरिअरला द्यायचा.

"काय रे, ट्यूबा घुसळत आणल्या? मोटरसायकलवर गरबा खेळून राहिला होता काय?"

"ताई, रोड तसा हाय. मी काय करू?"

"रोडले काहून नाव ठेवतो? हळू चालवत जाय."

सागर म्हणायचा, "तुमच्या हातून एक चुकी होऊ द्या ताई. अख्ख्या लॅबले कचोरी खाऊ घालतो."

संध्या मूळची बडनेऱ्याची. नव्या वस्तीत घर. वडील देवमन रेल्वेत गँगमन होते. ती कॉलेजात असतानाच ते गेले. आई दुर्गाबाई शेंदूरजनाघाटची. लग्नानंतरही ती दर हंगामाला माहेरी जायची आणि व्यापाऱ्यांच्या आवारात संत्रा निवडायला बसायची. बारीक, मध्यम, मोठा असे ढीग लावायचे, डागी फळ बाजूला टाकायचं. संध्याचा लॅबचा डिप्लोमा त्या संत्र्यांवर झाला, असं दुर्गाबाई सांगायची. ती फटकळ होती. संध्याने लग्न केलं नव्हतं. रविवारी पोरगी घरी आली की दुर्गाबाईचं ठरलेलं असायचं, "काय वं, माणूस पाहतं काय एखादा, का ट्यूबाशीच लगन लावतं?"

तीन वर्षांपूर्वी दुर्गाबाईच्या डाव्या छातीत गाठ निघाली. अमरावतीला ऑपरेशन झालं, मग केमो झाली. केस गेले, नखं काळी पडली, तोंडाची साल निघाली. शेवटचं सलाईन संपलं त्या दिवशी तिने कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंना, माधवी मॅडमना, हात जोडले.

"बाई, तुमी लय चांगल्या हा. पण आता सलाईन नाही. गोळ्या द्या, काढा द्या, माती द्या खायले. सलाईनची सुई आता मायाजवळ आणायची नाही."

मॅडम हसल्या. दुर्गाबाई हसत नव्हती. तपासणीला रक्त द्यायला तिने हरकत घेतली नाही, पण तेही फक्त संध्याला.

मागच्या वर्षी तिची कंबर दुखायला लागली. आजार हाडांत उतरला होता. मॅडमनी गोळ्या सुरू केल्या आणि त्या लागू पडल्या. दुर्गाबाई पुन्हा पाणी भरू लागली, भांडू लागली. दसऱ्याला गाडीत बसून नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आली. येताना पिशवीभर पुस्तकं घेऊन आली. तिला वाचायला येत नव्हतं. ती पुस्तकं तिने वस्तीतल्या पोरींना वाटली.

हाडांतला आजार वाढतोय की थांबलाय, हे स्कॅनमध्ये उशिरा कळतं. म्हणून मॅडमनी रक्ताची एक वेगळी तपासणी सुचवली होती. गाठीच्या काही पेशी सुटतात, रक्तात उतरतात आणि फिरत राहतात. अब्जावधी रक्तपेशींत अशी एखादी. पुण्याच्या एका लॅबमध्ये त्या पेशींना बारीक लोहचुंबकी कण चिकटवतात, चुंबकाने त्या बाजूला ओढतात, रंग देतात आणि मायक्रोस्कोपखाली एकेक करून मोजतात. साडेसात मिलिलिटर रक्तात पाचाच्या आत निघाल्या तर बरं. पाच किंवा त्याहून जास्त निघाल्या, तर आजार गोळ्यांना जुमानत नाही असं समजायचं.

संध्याने हे आईला समजावलं होतं.

"ट्रकभर संत्रा हाय. त्यात चार सडके हायेत. ते हुडकून काढायचे."

"ट्रकात काहून पाहतात? बगिच्यात जाऊन झाड पाहा म्हणा ना."

"झाड हाडात हाय. तिथं हात नाही पोचत. म्हणून ट्रक पाहायचा."

"एका ट्रकात चार निघाले, त दुसऱ्यात दहाबी निघतीन."

"म्हणून त पुन्हा पुन्हा पाहायचं. तुयी सुटका नाही."

"मायी कुठी होते सुटका? बापानं बडनेऱ्याले दिलं तवाच फसलो मी."

पहिल्यांदा तपासलं तेव्हा दोन पेशी निघाल्या. सगळे खूश झाले. दिवाळी सरल्यावर पुन्हा तपासायचं ठरलं. संध्या रविवारी अकोल्याहून पुण्याच्या लॅबचा डबा घेऊन आली.

डब्यात एक मोठी ट्यूब होती, पेशी जिवंत असताना दिसतात तशाच टिकवून ठेवणारी. सोबत एक साधी छोटी ट्यूब आणि सूचनेचा कागद. आधी साध्या ट्यूबमध्ये रक्त घ्या, ते बाजूला काढा, मग मोठी ट्यूब भरा. याचं कारणही लिहिलं होतं. सुई कातडीतून आत जाताना कातडीच्या काही पेशी सोबत ओढून नेते. त्या पहिल्या रक्ताबरोबर निघून जायला हव्यात. नाहीतर मोजणीत त्या गाठीच्या पेशींसारख्या दिसू शकतात.

संध्याला हे माहीत होतं. मागच्या वेळी तिने तसंच केलं होतं.

दुर्गाबाई ओसरीत खाटेवर बसली. डावा हात ऑपरेशनच्या बाजूचा, तो सुजायचा, त्याला टोचायचं नव्हतं. उजव्या हाताच्या शिरा केमोने जाळून टाकलेल्या. अंगठ्याच्या बाजूने वर जाणारी एक बारीक शीर तेवढी उरली होती. संध्याने तिच्यावर बोट ठेवलं. मागच्यापेक्षा ती आणखी बारीक झाली होती.

"एकच हं," दुर्गाबाई म्हणाली.

"एकच."

छोटी ट्यूब भरता भरता ही शीर बंद पडली तर? मग मोठी ट्यूब तशीच राहील. मग दुसरी शीर शोधा, पुन्हा टोचा. संध्याने क्षणभर दोन्ही ट्यूबांकडे पाहिलं आणि मोठी आधी लावली. ती भरली. मग छोटी लावली. तिच्यात चार थेंब पडले आणि रक्त थांबलं.

बरं झालं, असं संध्याला वाटलं.

"झालं?"

"झालं."

"तुया हाताले जस हाय बाई," दुर्गाबाई म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

सागरने डबा पुण्याला पाठवला. रिपोर्ट आला तो संध्याच्या फोनवर आणि माधवी मॅडमच्या फोनवर एकाच वेळी. सात पेशी.

संध्या डबा उघडून जेवायला बसली होती. तिने डबा झाकला. थोड्या वेळाने मॅडमचाच फोन आला. त्या हळू बोलत होत्या.

"मागे दोन होत्या, आता सात. स्कॅन अजून तसाच आहे, पण रक्त पुढचं सांगतंय. गोळ्या थांबवाव्या लागतील संध्या. सलाईनवर यावं लागेल. आईंशी तुम्हीच बोला. माझं त्या ऐकायच्या नाहीत."

"माझं तरी कुठे ऐकतात," संध्या म्हणाली.

दुपारी एक गरोदर बाई तपासणीला आली. पार्डीची होती. पहिलटकरीण, घाबरलेली. संध्याने तिचा हात हातात घेतला, सासर-माहेर विचारलं, टोचलं. पहिली ट्यूब भरली आणि ती काढून तिने दुसरी लावली. तिथे तिचा हात थांबला. दुसरी ट्यूब भरून गेली तरी ती हातातल्या पहिल्या ट्यूबकडे पाहत राहिली.

"मॅडम, तुमाले बरं नाही वाटून राहिलं काय?" त्या बाईनेच विचारलं.

"नाही नाही," संध्या म्हणाली. "आता बरं वाटतंय."

तिने पुण्याला फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगी होती. संध्याने काय झालं ते सांगितलं.

"म्हणजे पहिलं रक्त बाजूला काढलंच नव्हतं?"

"नाही."

"मग कातडीच्या पेशी आलेल्या असू शकतात."

"सातही?"

"सात म्हणजे जास्त होतात हो. एखादी, दोन येतात. पण नक्की नाही सांगता येत. नव्याने पाठवा तुम्ही."

एवढ्या बोलण्यातलं 'नक्की नाही सांगता येत' तेवढं संध्याने उचललं. बाकीचं तिने फोनवरच ठेवलं.

राठी डॉक्टरांना कुणी काही विचारलं नव्हतं. ती आपण होऊन त्यांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, माझ्या हातून चूक झाली."

"कोणाच्या?"

"माझ्या. ट्यूबांचा क्रम चुकला. आईच्या सँपलमध्ये."

राठींनी चष्मा काढला. "संध्या, याच चुकीसाठी तू पोरींना रडवलं आहेस इथे."

"हो सर," ती म्हणाली. ती हसत होती.

ते तिच्याकडे पाहत राहिले. आपल्या हातून चूक झाली म्हणून इतकं खूश झालेलं माणूस त्यांनी पाहिलं नसावं. "मग रिपीट कर," म्हणाले, आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

बातमी बाहेर सागरपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. तो गेला आणि कचोऱ्यांचा पुडा घेऊन आला.

"घ्या ताई. आता सांगा, नेमकं काय झालं? हळूहळू सांगा. मी व्हिडिओ काढतो."

"मोठी ट्यूब आधी लावली."

"आणि छोटी?"

"नंतर."

"अरे बापरे! पोलीस केस होते ताई हे. अन् मी तुमाले ओळखत नाही." त्याने नवीन मुलींकडे वळून पाहिलं. "रडा वं आता. तुमची बारी होती तवा रडल्या, आता ताईसाठी रडा."

मुली तोंडावर ओढणी धरून हसल्या. संध्याने दोन कचोऱ्या खाल्ल्या. तळलेलं ती एरवी खात नसे.

माधवी मॅडम मात्र लगेच हो म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्हाला खरंच असं वाटतं?" संध्या म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगा. अशा सँपलवर आईचं औषध बदलायचं?" मॅडमनी पुन्हा तपासायची परवानगी दिली. तोवर गोळ्या चालू ठेवा म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी ती बडनेऱ्याला गेली. दुर्गाबाई चुलीपाशी मेथी निवडत बसली होती.

"आई, रिपोर्ट खराब आला. पण तो तुया नाही. मायी चूक हाय."

"तुयी?"

"मायी."

"तू चुकली?"

"हाव ना. कितीदा सांगू?"

संध्याने तिला समजावलं. पहिलं रक्त फेकायचं असतं, ते तिने फेकलं नाही, सुईसोबत कातडीच्या पेशी गेल्या आणि पुण्याच्या लोकांनी त्याही मोजल्या.

"म्हणजे ट्रकात सडके नाही गेले," दुर्गाबाई म्हणाली. "सालटं गेले."

"हाव. सालटंच."

"मंग मले काही नाही?"

"हाय. पण आधी होतं तेवढंच असन. सलाईन-बिलाईन काही लागणार नाही."

दुर्गाबाई काही वेळ तिच्याकडे पाहत राहिली. संध्याचा चेहरा प्रवासाने लाल झाला होता. ती भराभरा बोलत होती, हातवारे करत होती. लहानपणी शाळेतून पळत येऊन बोलायची तशी. दुर्गाबाईने मेथीची जुडी खाली ठेवली आणि भिंतीपलीकडे हाक मारली.

"ओ वच्छला! आइक वं! आमची डॉक्टरीण चुकली!"

शेजारची वच्छला भिंतीवरून डोकावली. "काय झालं?"

"जगाले शिकवते अन् मायच्या टायमाले उलटं-सुलटं केलं. सालटं मोजाले पाठवले पुण्याले!"

"काय सांगतं! संध्या? असं कसं वं पोरी?"

"झालं मावशी," संध्या म्हणाली. "होते कधी कधी."

मग ती गोष्ट वस्तीभर झाली. दूधवाल्याला कळली, किराणावाल्याला कळली. रविवारी विहारात वंदनेला बसलेल्या बायका संध्याला पाहून कुजबुजल्या. एकीने तर विचारलंच, "बाई, मायी शुगर तूच पाहिली होती ना मागं? ती त बरोबर होती?" संध्याने सगळ्यांना तेच सांगितलं. हो, चुकलं माझंच. तिला ते सांगायला आवडायचं. जितक्या लोकांना सांगावं तितकं ते जास्त खरं होत होतं.

लॅबमध्ये तिने कुणाला झापलं नाही. एक शेतकरी चहा पिऊन आला, त्याला म्हणाली, "उद्या या काका, काही हरकत नाही." सागरला ते सहन होईना. "ताई, एखादी शिवी द्या ना. माया दिवस सुना जाऊन राहिला."

दुसऱ्यांदा रक्त घेताना संध्याने कागदावर लिहिलं होतं तसंच सगळं केलं. गरम पाण्याच्या पिशवीने आईचा हात शेकला. तीच शीर धरली. छोटी ट्यूब आधी लावली, भरली, बाजूला ठेवली. मग मोठी लावली. ती अर्धी भरली आणि शीर बंद पडली. अर्धी ट्यूब पाठवून चालत नाही. संध्याने सुई काढली, जास्तीचा आणलेला दुसरा डबा उघडला आणि हाताच्या पंजावर शीर शोधली. पंजावर टोचलं की फार दुखतं. पुन्हा आधी छोटी ट्यूब, मग मोठी. दुर्गाबाईने ओठ दाबून धरले होते. डोळ्यांतून पाणी आलं, पण ती हलली नाही आणि किती वेळा टोचलं ते मोजूनही दाखवलं नाही. मोठी ट्यूब खुणेच्या रेघेपर्यंत भरली.

"यावेळी बरोबर झालं ना?" तिने विचारलं.

"एकदम बरोबर."

"मंग चहा ठेव. मले नाही उठवत."

पुढचे दिवस संध्या रोजच्यासारखी कामावर गेली. फोन वाजला की ती हातातलं काम संपवून मगच पाहायची. रिपोर्ट आला तेव्हा समोर एक म्हातारे गृहस्थ बाही वर करून बसले होते. तिने फोन पाहिला. तो उलटा करून टेबलावर ठेवला. म्हाताऱ्याचा हात हातात घेतला, गाव विचारलं, टोचलं, कापूस दाबला. "धरून ठेवा" म्हणाली. मग उठून खिडकीपाशी गेली आणि पुन्हा पाहिलं.

अकरा.

पुण्याच्या त्या मुलीचाही फोन आला. "यावेळी पहिलं रक्त बाजूला काढलं होतं ना?"

"हो. दोनदा."

"मग..."

"हो," संध्या म्हणाली. "थँक्यू."

राठी डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. "म्हणजे आधीचाही बरोबरच होता," ते म्हणाले. त्यांनी फोन परत दिला. "जा तू. आजचं मी पाहतो."

सागर बाहेर उभा होता. "स्टेशनवर सोडू ताई?" एवढंच म्हणाला. जठारपेठ ते स्टेशन त्याने एकाही खड्ड्यात गाडी घातली नाही.

गाडीत संध्याला खिडकीची जागा मिळाली. समोर दोन बाया कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाला नावं ठेवत होत्या. तिने त्यांचं सगळं ऐकलं. वांग्याची भाजी खारट झाली होती, बुंदी शिळी होती. मूर्तिजापूर गेलं. माधवी मॅडमचा फोन दोनदा येऊन गेला, तो तिने घेतला नाही. आधी घरी सांगायचं होतं. आणि काय सांगायचं ते तिला माहीत नव्हतं. सलाईन घेणार नाही, असं आईने हात जोडून सांगितलं होतं. गोळ्या आता चालणार नव्हत्या. मधे काहीच नव्हतं. काही दिवस तिच्या चुकीने मधे जागा करून ठेवली होती.

दुर्गाबाई ओसरीत ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पंजावरचा निळा डाग अजून गेला नव्हता.

"लवकर आली?"

"हाव."

"आला काय रिपोट?"

"आला."

"किती?"

"अकरा."

दुर्गाबाईने हातातली शेंग सोलली. दाणे ताटलीत पडले.

"म्हणजे तुयी चूक नव्हती."

"नव्हती."

"मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू चुकली नव्हती ते. एखाद दाणा इकडचा तिकडे झाला असन. पण दोनाचे सात तुया हातानं नाही होत."

संध्या पायरीवर बसली. "मंग वस्तीभर काहून सांगत फिरली? मायी इज्जत काढली सगळ्याईसमोर."

"तुले बरं वाटून राहिलं होतं," दुर्गाबाई म्हणाली.

संध्याने ढिगातली एक शेंग उचलून सोलायला घेतली. रस्त्याने भंगारवाला ओरडत गेला.

"आता काय म्हणते मॅडम?"

"फोन नाही घेतला मी. पण सलाईनच म्हणणार."

"किती?"

"मागं म्हटलं होतं त्याईनं, आधी तीन. मंग पुन्हा रक्त पाहायचं."

"घेतलं त हे अकरा खाली येतीन?"

"येऊ शकते."

"नाही आले त?"

"मंग नाही आले."

"अन् घेतलंच नाही त?"

संध्याने आईकडे पाहिलं. "गोळ्याईनं आता नाही होणार आई."

"मी नाही म्हटलं होतं."

"हाव."

"हात जोडून म्हटलं होतं."

"हाव. मी होतो ना तिथं."

दुर्गाबाईने आणखी एक शेंग उचलली. तेवढ्यात भिंतीवरून वच्छलाचं डोकं वर आलं.

"आली काय डॉक्टरीण? यावेळी नीट घेतलं ना रक्त? का पुन्हा सालटंच धाडले?"

"तोंड सांभाळ वच्छला," दुर्गाबाई म्हणाली. "तिनं मागंबी नीटच घेतलं होतं."

"आत्ता गं! तूच त सांगत फिरली, चुकली म्हणून."

"खोटं सांगितलं. मायी पोरगी नाही चुकत. सगळ्याईले सांग जाऊन."

वच्छला हसायला लागली होती. मग तिचं हसणं थांबलं. पोरगी चुकली नव्हती म्हणजे काय, ते तिच्या ध्यानात आलं. ती दुर्गाबाईकडे पाहत राहिली, मग संध्याकडे. "भाकरी टाकून आणतो," असं काहीतरी म्हणाली आणि भिंतीपलीकडे गेली.

संध्याच्या हातात पुन्हा फोन वाजला. माधवी मॅडमच होत्या.

"घे," दुर्गाबाई म्हणाली. "बुधवारी येतो म्हण."

"त्या मंगळवारीच बोलावतील. त्याईचा सलाईनचा वार तो हाय."

"मंगयवारी नाही जमत. बुधवारी सांग."

"काहून? मंगळवारी काय हाय?"

"काही नाही," दुर्गाबाई म्हणाली. "मले एक दिवस पायजे."